मी घरी नसण्याची तालीम

तीर्थरूप मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार.

(साष्टांग म्हणजे प्रत्यक्षात गादीवर मांडी घालून. पण आठही अंगं जागच्या जागी आहेत, याची सकाळीच आरशासमोर उभी राहून खात्री करून घेतली आहे. अशी खात्री का करून घ्यावी लागते ते पुढे येईल.) तुमचा उजवा गुडघा कसा आहे? डावाही त्याच्या संगतीने बिघडत चालल्याचं मामींनी मागे कळवलं होतं. जन्मभर उन्हातान्हात लोकांच्या जमिनी मोजत फिरलात, त्याचा राग आता ते दोघे काढणारच. नवी कवळी बसली का? मागच्या वेळी फोनवर तुम्ही अर्धा तास बोललात आणि आई अर्धा तास हो हो म्हणत होती, पण फोन ठेवल्यावर तिने आम्हाला सांगितलं की दादा काय म्हणाला देव जाणे, मात्र खुशीत होता. मामींना नमस्कार सांगा. त्यांनी विणायला घेतलेला स्वेटर माझा असेल तर बाह्या लांब ठेवा म्हणावं, तुमचा असेल तर काही म्हणणं नाही. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. निदान तसं लिहायची पद्धत आहे. त्या 'आम्ही सर्व'मध्ये मला धरायचं की नाही, एवढाच काय तो प्रश्न आहे, आणि त्यासाठीच हे पत्र.

कॉलेज सुरू होण्याआधी सहा आठवडे आम्हा नव्या मुलींना तिथे राहायला बोलावलं आहे, हे आईने तुम्हाला सांगितलंच असेल. निवासी उन्हाळी वर्ग म्हणतात त्याला. सकाळी गणित, दुपारी प्रयोगशाळा आणि उरलेल्या वेळात घरापासून लांब राहायला शिकायचं. येत्या सोमवारी सकाळी दहाला तिथल्या कार्यालयात हजर व्हायचं आहे. एक मिनिट उशीर झाला तरी जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला मिळणार. (हे त्यांनी जाड अक्षरांत छापलंय आणि खाली रेघही मारलीय.) प्रवेशपत्राबरोबर एक माहितीपुस्तिका आली. तिच्यात सोबत आणायच्या एक्केचाळीस वस्तूंची यादी आहे, आणि नवव्या पानाच्या तळाला एक साधं, गरीब स्वभावाचं वाक्य आहे. विद्यार्थिनीने घराबाहेर राहण्याचा व घरच्यांनी तिच्याशिवाय राहण्याचा थोडा सराव आधी केल्यास उपयोग होतो. ते लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं हे शेंबड्या पोरालाही कळेल. चार दिवस मामाकडे जाऊन राहा, मावशीकडे जाऊन राहा, संपलं. पण ते वाक्य आमच्या बाबांच्या नजरेला पडलं, आणि बाबांना सराव हा शब्द म्हणजे पडत्या फळाची आज्ञा.

बाबा कारखान्यात काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते, नाहीतर पुढचं खरं वाटणार नाही. ते आग लागण्याची तालीम घेतात. आग गेल्या एकोणीस वर्षांत एकदाही लागलेली नाही, तालीम मात्र दर महिन्याला असते. त्यांना तिथे सगळे शिट्टीसाहेब म्हणतात. (समोर नुसतं साहेब.) त्यांचं म्हणणं एकच, की तालीम अर्धवट सोडली तर खऱ्या वेळी माणूस अर्धवटच पळतो, म्हणून शेवटची शिट्टी होईपर्यंत सगळं खरं धरून चालायचं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी भांडारातल्या एका जाडजूड कारकुनाच्या छातीवर 'मृत' अशी चिठ्ठी लावून त्याला आवारात आडवं केलं होतं. जखमींना उठवायला एक शिट्टी आणि मृतांना दोन, असा नियम होता, आणि त्या दिवशी दुसरी शिट्टी वाजवायची राहून गेली. तो बिचारा पाच वाजेपर्यंत उन्हात पडून होता. मध्ये राहवेना म्हणून एकदा कॅन्टीनमध्ये गेला, तर चहावाल्याने त्याला चहा दिला नाही, कारण यादीत तो मेलेला होता. बाबांनी हे घरी सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो. सगळ्यात जास्त मी हसले होते.

तर दहा दिवसांपूर्वी, सोमवारी सकाळी नऊ वाजता, बाबांनी शिट्टी वाजवली आणि मी गेले. गेले म्हणजे मधल्या दारातून मागच्या खोलीत गेले. ती खोली म्हणजे वसतिगृह. रविवारी संध्याकाळी सहाला शिट्टी होईल तेव्हा परत यायचं. तोवर जेवणाचं ताट झाकून खिडकीत ठेवलं जाईल, ते भोजनालय. दारावर बाबांनी नियम लिहून डकवले होते आणि त्यातला तिसरा असा, की मुलगी दिसल्यास दिसली नाही असे समजावे, आवाज आल्यास तो दुसऱ्या कशाचा तरी आहे असे समजावे. आई अर्धा मिनिट कुरकुरली आणि मग तयार झाली. आईला तुम्ही ओळखताच. बाबा नियम करतात, पण निभावते ती. रुग्णालयातल्या चौकशीच्या खिडकीत बसून ती दिवसभर लोकांना सांगत असते की नाही हो, त्या नावाचं इथे कोणी नाही, आणि ते इतक्या मायेने सांगते की माणसं आभार मानून जातात. मंगळवारी बाबांनी माझी पेटी पार्सलने पुढे धाडून दिली, कारण गेलेल्या मुलीची पेटी घरात कशी? एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वस्तू गेल्या. अंगावरच्या कपड्यांखेरीज मागे राहिला तो शाळेचा जुना गणवेश, त्यामुळे सध्या मी एक दिवसाआड नववीतली दिसते. दिसते म्हणजे आरशात.

पहिले दोन दिवस मजेचे गेले. बुधवारी पाच वाजता मात्र पहिल्यांदा अंगावर काटा आला. पुस्तिकेप्रमाणे मुलींना बुधवारी पाच ते पाच-दहा घरी फोन करता येतो, म्हणून बाबांनी त्याचीही तालीम ठेवली होती. बरोबर पाचला आईने फोन उचलला. तो वाजला नव्हता. मी पाणी प्यायला बाहेर आले होते, तशीच समोरच्या खुर्चीत बसले. आई बोलायला लागली. जेवतेस ना, झोप लागते ना, पंखा आहे का, वगैरे. मध्येमध्ये थांबून ऐकत होती, आणि ज्याअर्थी मी काहीच बोलत नव्हते त्याअर्थी ती काय ऐकत होती हे मला कळेना. मग ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, मामा. एवढी विनोदी मी आयुष्यात कधी नव्हते. फोन ठेवून तिने बाबांना सांगितलं, की तिच्या खोलीतली मुलगी झोपेत बडबडते म्हणे, पण स्वभावाने चांगली आहे. बाबांनी ते तालमीच्या नोंदींच्या फळीला लावलेल्या कागदावर लिहून घेतलं. मी पेला विसळून जागेवर ठेवला आणि माझ्या वसतिगृहात निघून गेले.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तसं शुक्रवारी झालं. आई बाजारातून येत होती आणि मी तिची पिशवी घ्यायला (सवयीने) चार पायऱ्या खाली उतरले. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकाबाई दारात आल्या. त्यांना तालमीचं कोणी काही सांगितलेलं नाही, आणि सांगितलं असतं तर त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं असतं. त्यांनी वर पाहिलं. बरोबर माझ्याकडे पाहिलं. मी हसलेसुद्धा. आणि त्या आईला म्हणाल्या, "गेली का हो मुलगी? घर खायला उठत असेल." आई म्हणाली, "हो ना. पण रमलीय तिकडे." मग दोघी भाज्यांच्या भावावर बोलायला लागल्या आणि मी भिंतीला चिकटून उभी राहिले, कारण बाई जिना चढून वर आल्या असत्या तर त्या मला वळसा घालतात की सरळ पुढे येतात, हे मला बघायचं नव्हतं. बाईंचा चष्मा जुना आहे, जिन्यात उजेड कमी असतो, हे मी स्वतःला त्या दिवशी पन्नासदा सांगितलं.

शनिवारी मी मुद्दाम बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार तिरसट म्हणून प्रसिद्ध आहे. मी कुलूप मागितलं. तो खेकसला की साधं की भारी, नीट सांगा, आमच्याकडे वेळ नाही. मामा, मला इतका आनंद झाला, की मी त्याला साध्यातल्या आणि भारीतल्या फरकाबद्दल दहा मिनिटं छळलं, केवळ तो माझ्यावर आणखी चिडावा म्हणून. म्हणजे मी आहे. फक्त आमच्या घरात नाही. (कुलूप घेतलं. आता कुलूप आहे आणि लावायला पेटी नाही.)

आणि मग रविवार. साडेपाचलाच मी केस विंचरून मधल्या दारात येऊन उभी राहिले. बाबा खुर्चीत, गळ्यात शिट्टी, समोर घड्याळ. आई कपड्यांना इस्त्री करत होती. सहा वाजले. बाबांनी शिट्टी उचलली, रुमालाने पुसली, तोंडापर्यंत नेली, आणि परत खाली ठेवली. मग मेजाच्या खणात काहीतरी शोधलं, तिथेच वाकून काहीतरी खरडलं, खण बंद केला आणि आईला म्हणाले की काय शांत वाटतं नाही घरात. आई म्हणाली हो. मग दोघांनी चपला घातल्या, फिरायला गेले आणि जाताना बाहेरून कुलूप लावून गेले. मी दारात तशीच उभी. तासाभराने परत आले तेव्हाही उभीच होते. आईने माझ्या बाजूने हात पुढे करून दिवा लावला. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो, म्हणतात ते मला त्या क्षणी कळलं. एक संध्याकाळ गेली ते ठीक, पण आता त्यांना थांबवणार कोण?

त्या दिवसापासून खिडकीतलं ताट बंद झालं. मी स्वयंपाकघरात जाऊन भांड्यात उरलेलं खाते. उरलेलं रोज बरोबर एका माणसाचं असतं. आई बाबांना सांगत होती, की माझा अंदाज अजून चुकतोय, दोघांचं करायला घेते आणि तिघांचं होतं. सोमवारी मी नियम मोडला. बाबा पेपर वाचत होते, मी मागे जाऊन चांगल्या खणखणीत आवाजात बाबा म्हणून हाक मारली. त्यांनी मान वर केली. थोडा वेळ तशीच ठेवली. मग उठले, खिडकी लावली आणि वारा सुटलाय म्हणाले. झाडाचं पान हलत नव्हतं. वाऱ्याला आमच्या घरात एवढा मान याआधी कधी मिळाला नव्हता.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. पण मंगळवारी कॉलेजचं पाकीट आलं. आत पेटीची पोच होती. पेटी मिळाली, विद्यार्थिनीच्या ताब्यात दिली, असा छापील मजकूर आणि त्यावर शिक्का. (कारकून सगळ्यांना तोच कागद पाठवत असणार. त्याला काय, शिक्का आपटला की झालं.) पण दुसरा कागद हाताने लिहिलेला होता. वसतिगृहाच्या बाईंनी पालकांना कळवलं होतं, की तुमच्या मुलीच्या खोलीत जी दुसरी मुलगी दिली आहे तिला झोपेत बोलण्याची सवय आहे, तरी तक्रार असल्यास सांगावे. बाबांनी तो मोठ्याने वाचला. आईने हातातलं भांडंसुद्धा खाली ठेवलं नाही. म्हणाली, "ती बोललीच होती की बुधवारी." मी त्या दोघांच्या मधोमध उभी होते, मामा, आणि गणवेशाच्या आखूड बाह्यांतून माझे हात गार पडत चालल्याचं मला स्पष्ट कळत होतं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाची करायची? मला भीती वाटते. मला त्या वर्गाला जायचंय, अगदी मनापासून जायचंय. त्या प्रवेशपरीक्षेसाठी मी दोन वर्षं घासली आहेत, आणि आमच्या घरातून एवढ्या लांब शिकायला जाणारी मी पहिली. पण जाण्यासाठी माणूस आधी इथे असावा लागतो. इथे मी गेलेली, आणि तिथे माझी पेटी ताब्यात घेऊन कोणीतरी आलेली. अशा वेळी मी सोमवारी सकाळी दहाला नक्की कुठे हजर व्हायचं, हे त्या पुस्तिकेत कुठेच लिहिलेलं नाही. सगळी पानं दोनदा वाचून काढली.

बाकी ठीक. उन्हं फार आहेत. गुडघ्याला जपा, जिने चढू नका, कवळी पाण्यात ठेवत जा. मामींना पुन्हा नमस्कार.

तुमची भाची
(मुक्काम मागची खोली)

ता. क. पुस्तिकेबरोबर संमतीपत्राच्या दोन प्रती आल्या होत्या, त्यातला एक कोरा कागद सोबत जोडला आहे. सातव्या रकान्यात पालक अथवा जवळचे नातेवाईक असं आहे, तिथे तुमची सही हवी. तिच्याशिवाय सोमवारी आत घेणार नाहीत. मी बाबांपुढे हा कागद आणि पेन ठेवून पाहिलं. त्यांनी पेन घेऊन कारखान्याचे कागद लिहिले आणि माझ्या कागदावर चहाचा कप ठेवला. (तो गोल डाग त्याचाच आहे, कॉलेजवाल्यांनी विचारलं तर तुमच्याकडचा सांगा.) पत्र तुम्हाला उद्या मिळेल, लगेच सही करून परत टाकलंत तर परवा हातात पडेल. खरं काम हेच होतं, बाकी सगळं पाल्हाळ.

दुसरा ता. क. पोस्टाचं तिकीट शोधायला बाबांच्या मेजाचा खण उघडला, तर आत संमतीपत्र सापडलं. भरलेलं, बाबांच्या सहीचं. बाबा सहीखाली वेळ टाकल्याशिवाय राहत नाहीत, तशी तिथेही आहे: रविवार, सहा वाजून दोन मिनिटे. त्याला बसची तिकिटं टाचलेली आहेत. सोमवारी पहाटेची. जायची तीन आणि यायची दोन. म्हणजे सहीचं राहू द्या. तसं पाहिलं तर सहीसाठी मी पत्र लिहिलंच नव्हतं. मला हवंय ते एवढंच, की तुम्ही एक पाकीट पाठवा. आत काही नसलं तरी चालेल, पण वर माझं नाव मोठ्या अक्षरांत घाला. आमचा पोस्टमन जिना चढत नाही, खालूनच नाव घेऊन ओरडतो, आणि वरून कोणीतरी ओ दिल्याशिवाय हलत नाही. आई एकतर ओ देईल, नाहीतर तिच्या खिडकीतल्या आवाजात सांगेल की त्या नावाचं इथे कोणी नाही. काय ते एकदाचं कळेल. मी मधल्या दारात उभी राहून ऐकेन.

तिसरा ता. क. मामा, पाकीट पाठवू नका. आत्ता, वरचं लिहीत असतानाच, आई या खोलीत आली. गादी उन्हात घालायची होती. गादीवर मी होते, मांडीवर हे पत्र. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. गादीचं एक टोक धरलं आणि उभी राहिली. मी हट्टाने आणखी दोन ओळी लिहिल्या. ती उभीच. खिडकीकडे तोंड करून, टोक हातात धरून, मी उठेपर्यंत थांबली. मी उठले. मग तिने गादी लगेच उचलली नाही. जिथे मी बसले होते तिथे हात ठेवून बराच वेळ वाकून राहिली. तिथे ऊब असणार. त्या झोपेत बोलणाऱ्या मुलीचं काय ते मी तिकडे गेल्यावर बघून घेईन. पण पोस्टमनने माझं नाव घेतलं तर आईला ओ द्यावी लागेल, आणि एकदा ओ दिली की ही तालीम संपली. पुढे मग खरंच जाणं आहे. सोमवारला अजून चार दिवस आहेत. तेवढे दिवस मी गेलेलीच बरी.